पहिली पसंती गोठवण्याआधी एक सराव फेरी द्या : सीईटी कक्षाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावी विज्ञाननंतर अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या मुलांचे प्रवेश अर्ज भरले जात असताना त्यांच्या शेजारी बसण्याचे काम, कोणी नेमून दिलेले नसतानाही, गेली बरीच वर्षे माझ्याकडे येत आहे. त्या आधारावर एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे आपण सगळे जिला ‘कॅप’ म्हणतो तिच्या, पहिल्या फेरीचे जागावाटप जाहीर करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक सराव वाटप, म्हणजे आजच्या अर्जाप्रमाणे कोणती जागा मिळेल हे सांगणारे पण बंधनकारक नसलेले वाटप, दाखवावे आणि त्यानंतर पसंतीक्रम दुरुस्त करण्यासाठी दोन-तीन दिवसांची मुभा द्यावी. पुढे जे लिहिले आहे ते ही मागणी रास्त का आहे, एवढे सांगण्यासाठीच आहे.

एमएचटी-सीईटी या परीक्षेविषयी मला येथे फार बोलायचे नाही. २०१९ पासून ती संगणकावर होते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, असा दोनशे गुणांचा तिचा आराखडा आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण वीस टक्के वाटा असतो, हे आमच्याकडच्या मुलांना तोंडपाठ असते. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्यामुळे गुणांऐवजी पर्सेंटाइल का देतात, हेही वर्गात समजावून सांगितले की त्यांना पटते. या तीन तासांसाठी मुले दोन वर्षे राबतात. सराव परीक्षा तर इतक्या देतात की प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी पडद्यावरचे कोणते बटण कुठे आहे, याचाही त्यांना विचार करावा लागत नाही. निकाल लागतो, दशांश चिन्हापुढे सात आकडे असलेले पर्सेंटाइल हाती येते, आणि मग ज्या अर्जावरून पुढची चार वर्षे कोणत्या गावात, कोणत्या शाखेत आणि किती खर्चात काढायची हे ठरणार आहे, तो पसंतीक्रमाचा अर्ज मुले आयुष्यात पहिल्यांदा आणि कसलाही सराव नसताना भरतात.

या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. पूर्वी तो थोडाफार चुकला तरी निभावून जात असे, कारण पहिल्या फेरीत मिळालेली जागा हातची ठेवून पुढच्या फेरीत अधिक चांगल्या जागेसाठी थांबण्याला आजच्यापेक्षा बराच वाव होता. २०२५-२६ च्या प्रवेशापासून आपण तीनऐवजी चार फेऱ्या केल्या आणि त्याबरोबर नियमही घट्ट केले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती आपोआप गोठते, म्हणजे ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तरी तेच घडते. अशी जागा नाकारणाऱ्याला कॅपच्या पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते.

हा नियम चुकीचा आहे, असे माझे म्हणणे नाही. चांगल्या जागा अडवून ठेवायच्या, शेवटच्या फेरीनंतर सोडून द्यायच्या आणि त्या रिकाम्या राहिल्या की गुणवत्ता असलेल्या दुसऱ्या मुलाने हात चोळत बसायचे, हा प्रकार आम्हीही पाहिला आहे. जी जागा तुम्ही स्वतः पहिल्या क्रमांकावर लिहिली ती मिळाल्यावर घ्या, असे सांगण्यात अन्याय नाही. पण पहिल्या ओळीला इतके वजन दिल्यावर त्या ओळीचा अर्थ प्रत्येक विद्यार्थ्याला नेमका कळला आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही नियम करणाऱ्याकडेच येते. ती आज पार पाडली जात नाही, आणि माझ्या पत्राचा रोख तेवढ्यावरच आहे.

वाटपाची पद्धत मुळात सरळ आहे. गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेका विद्यार्थ्याचा अर्ज घेतला जातो, त्याच्या पसंतीच्या यादीत वरून खाली जाताना त्याला लागू असलेल्या प्रवर्गात जी पहिली जागा शिल्लक आढळेल ती त्याला दिली जाते. याचा अर्थ असा की, आवाक्याबाहेरचे महाविद्यालय सर्वांत वर लिहिल्याने खालचे महाविद्यालय हातचे जात नाही. ते मिळाले नाही तर यंत्रणा पुढच्या ओळीकडे जाते, एवढेच. इतकी साधी गोष्ट आहे, पण गावोगावी समज याच्या अगदी उलट आहे. “मोठं कॉलेज वर टाकलं तर नंबरच लागणार नाही, आधी खात्रीचं टाका” हे वाक्य मी पालकांच्या तोंडून ऐकले आहे, अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकांच्या तोंडून ऐकले आहे आणि, सांगायला संकोच वाटतो, पण काही शिक्षकांच्याही तोंडून ऐकले आहे. आताच्या नियमांत ‘खात्रीचे’ म्हणून वर लिहिलेले महाविद्यालय खात्रीने मिळते आणि खात्रीनेच गोठते.

आमच्याच एका विद्यार्थिनीचे असे झाले. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, घरात अभियांत्रिकीचे नाव काढणारी ती पहिलीच. पर्सेंटाइल चांगले होते, प्रवर्ग ओबीसी होता, उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली होते, आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयातील संगणक शाखा तिच्या आवाक्यात होती. अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी ती तालुक्याच्या एका अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात बसली होती. संकेतस्थळ रेंगाळत होते, मागे पोरांची रांग होती, आणि चालकाने आपल्या वहीतून गेल्या वर्षीच्या कटऑफची यादी काढून सर्वांत कमी कटऑफ सर्वांत वर, या क्रमाने पर्याय भरून टाकले. त्याचा हेतू वाईट नव्हता, पोरीची जागा ‘सेफ’ व्हावी असेच त्याला वाटत होते. तिला हवी असलेली शाखा त्या यादीत नवव्या क्रमांकावर गेली. पहिल्या फेरीत तिला पहिली पसंती मिळाली. ते कोकणातले एक महाविद्यालय होते आणि शाखा स्थापत्य होती. मोबाइलवर ‘अभिनंदन’ वाचून घरात पेढे आले, आणि गोठणे म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळले. संभाजीनगरच्या त्या शाखेचा पहिल्या फेरीतला कटऑफ नंतर पाहिला तर तो तिच्या पर्सेंटाइलच्या खाली होता. म्हणजे तिच्या गुणवत्तेला मिळणारी जागा तिच्या अर्जाने नाकारली होती.

या मुलीपुढे दोनच मार्ग होते. ती जागा घ्यायची, किंवा कॅपबाहेर पडून संस्थास्तरावरील जागा शोधायची. दुसऱ्या मार्गावर शुल्कमाफी नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण शिक्षण शुल्क माफ करण्याचा जो निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला, तो कॅपमधून झालेल्या प्रवेशांनाच लागू आहे. म्हणून तिने कोकण गाठले. पैसेवाल्या घरातील मुलाचा अर्ज असाच चुकला असता तर त्याने व्यवस्थापन कोट्यातून हवी ती शाखा घेतली असती आणि नियमाची झळ त्याला जाणवलीही नसती. गोठवण्याचा नियम सर्वांना सारखाच लागू आहे हे खरे, पण अर्ज चुकला तर भरपाई करण्याची ऐपत सर्वांकडे सारखी नाही.

सराव वाटप असते तर काय झाले असते? त्या मुलीला पडद्यावर दिसले असते की, आजच्या अर्जाप्रमाणे तुला कोकणात स्थापत्य शाखा मिळत आहे. ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे किंवा कोणाकडेही आली असती, यादीचा क्रम उलटा केला असता आणि प्रकरण तेथेच मिटले असते. ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. आयआयटी, एनआयटीच्या प्रवेशांसाठीची ‘जोसा’ ही यंत्रणा प्रत्यक्ष फेऱ्यांपूर्वी सराव वाटप जाहीर करते आणि त्यानंतर पसंतीक्रम बदलू देते. आपल्या शेजारी कर्नाटकात परीक्षा प्राधिकरण सीईटीच्या जागांसाठी हेच करते. निपाणी आमच्यासाठी काही परदेश नव्हे. तिकडच्या मुलाला आपल्या अर्जाचा परिणाम आधी पाहायला मिळतो आणि कागलच्या मुलाला मिळत नाही, याचे कारण मला तरी सापडलेले नाही.

वेळ नाही, हे कारण दिले जाईल याची मला कल्पना आहे. २०२५ मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचा निकाल जूनच्या मध्यावर लागला. त्यानंतर नोंदणी, कागदपत्रांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती आणि अंतिम यादी या टप्प्यांमध्ये आठवडे जातात, आणि नोंदणीला मुदतवाढ मिळणे हा तर आता रिवाजच झाला आहे. त्या मुदतवाढीचेच दोन-तीन दिवस सराव वाटपाला दिले तर वेळापत्रक कोलमडणार नाही. वाटपाची संगणकीय प्रणाली तीच, विदा तीच, नियम तेच. फक्त पहिल्यांदा निघालेले उत्तर बंधनकारक नसेल, एवढाच फरक.

आपल्या कक्षाकडे असे काही तातडीने करण्याची क्षमता आहे, याचा दाखला आपणच दिलेला आहे. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या, तेव्हा त्या सत्रातील सत्तावीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी, म्हणजे आठ दिवसांतच, घेण्यात आली. त्या चुकांवर व्हायची ती टीका झाली, पण दुरुस्ती वेळेत झाली हेही तितकेच खरे आहे. पुढे २०२६ साठी ही परीक्षा दोनदा देण्याची संधी जाहीर झाली. एका दिवसाच्या कामगिरीवर मुलाचे सगळे ठरू नये, हा विचार त्यामागे असणार, आणि तो योग्यच आहे. तोच विचार एका संध्याकाळी भरलेल्या अर्जालाही लावावा, इतकेच मी म्हणतो आहे.

आता अर्ज नीट भरायचा म्हटले तर विद्यार्थ्याने पाहायचे काय, तर गेल्या वर्षीचे कटऑफ. ते आपण पीडीएफच्या रूपात प्रसिद्ध करता. एकेक फाइल शेकडो पानांची, मोबाइलवर उघडता उघडता दमछाक होणारी, आणि उघडल्यावर समोर येते ती जीओपीईएनएच, एलओबीसीओ, जीएससीएस अशी अक्षरांची रांग. यातले पहिले अक्षर सर्वसाधारण जागा की मुलींसाठी राखीव जागा ते सांगते, मधली अक्षरे प्रवर्ग सांगतात, आणि शेवटच्या अक्षरावरून ती जागा होम युनिव्हर्सिटीची (म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतून बारावी झालेल्यांची), तिच्या बाहेरच्यांची की राज्यस्तरावरची हे कळते. मुलगी ओबीसी असेल तर तिने एकाच शाखेसमोर सर्वसाधारण, मुलींची, ओबीसी आणि ओबीसी-मुली अशा चार रकान्यांत आपली शक्यता पाहायची असते. बहुतेक मुली एकच रकाना पाहतात आणि “नाही लागत” म्हणून पुढे जातात. शुल्कमाफी योजनेची टीएफडब्ल्यूएस जागा तर त्याच शाखेच्या दुसऱ्या कोडखाली येते, कोडच्या शेवटी एक ‘टी’ तेवढा जास्त असतो. तो ‘टी’ नसलेला कोड वर आणि ‘टी’ असलेला खाली लिहिला गेला तर पात्र असूनही ती माफी हुकते. ज्या अर्जात विद्यार्थ्याचा प्रवर्ग, लिंग, उत्पन्न आणि होम युनिव्हर्सिटी आपल्याकडे आधीच नोंदलेली आहे, त्याच अर्जात प्रत्येक पर्यायासमोर ‘तुम्हाला लागू असलेले गेल्या वर्षीचे कटऑफ’ असे आकडे मराठीत दाखवणे आपल्या यंत्रणेला अवघड नसावे. सराव वाटपाइतकेच मला हे महत्त्वाचे वाटते, कारण सराव वाटपात काही खटकले तर दुरुस्ती कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न उरतोच.

होम युनिव्हर्सिटीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० चे, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या विभागातल्यांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना असे, विभागवार सूत्र २०२० मध्ये रद्द झाले, पण अभियांत्रिकीत विद्यापीठांच्या हद्दींनुसार ते अजून आहे आणि आमच्या मुलांना पुण्याच्या बहुतेक महाविद्यालयांत बाहेरच्यांसाठीच्या तीस टक्क्यांतच झगडावे लागते. ते असावे की नसावे यावर मतभेद आहेत आणि तो निर्णय आपल्या कक्षाच्या अखत्यारीतला नाही. मात्र होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कोठून उत्तीर्ण झालात त्यावरून, हे पालकांना दहावीनंतरच सांगितले गेले पाहिजे. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतली कितीतरी मुले अकरावीला लातूरला जातात. तिकडे जाताच त्यांचे विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचे राहत नाही, नांदेडचे होते. ज्या मुलाला पुढे संभाजीनगरलाच शिकायचे आहे त्याने ही किंमत दोन वर्षे आधी मोजलेली असते आणि त्याला ती कळते कॅपच्या अर्जात.

असे बारकावे ज्याला माहीत, त्याच्या ज्ञानाला बाजारात भाव येणारच. आज जिल्ह्याच्या ठिकाणी पसंतीक्रम भरून देणारे समुपदेशक चार आकडी रकमेपासून पाच आकडी रकमेपर्यंत शुल्क घेतात. त्यांतले काही खरोखर अभ्यासू आहेत. काही मात्र एकच यादी पर्सेंटाइलच्या टप्प्यांनुसार छापून ठेवतात आणि येईल त्याला विकतात. त्यांच्यावर बंदी घाला असे मी म्हणणार नाही, कारण ते विकतात ती माहिती मुळात आपल्याच संकेतस्थळावरची आहे. ती आपण वापरण्याजोगी करून दिलीत, तर त्यांचा धंदा कोणत्याही बंदीशिवाय मर्यादेत येईल.

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. नॉन-क्रीमीलेअरची वैधता मार्चअखेर संपते, जात पडताळणीची पावती चालेल की प्रमाणपत्रच हवे याचा खुलासा ऐन वेळी येतो, जेईईसाठी केंद्राच्या नमुन्यातला आणि सीईटीसाठी राज्याच्या नमुन्यातला असे दोन दाखले एकाच तहसीलमधून काढावे लागतात. यातले काय, केव्हा आणि कोणत्या नमुन्यात लागेल याची एका पानाची मराठी सूचना अकरावीच्या वर्गातच प्रत्येक मुलाच्या हाती पडली, तरी जूनमधील निम्मी धावपळ वाचेल.

आणखी एक व्यवस्था करता येईल. राज्यातील विज्ञान शाखेच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयातून किमान दोन शिक्षकांना तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय कार्यालयांमार्फत दरवर्षी मे महिन्यात एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे आणि पसंतीक्रमाच्या काळात त्यांना अधिकृत मदतनीस म्हणून नेमावे. आपली सुविधा केंद्रे आहेत, पण ती प्रामुख्याने कागदपत्रे तपासतात. ‘हे आधी लिहू की ते’ या प्रश्नाचे उत्तर देणे तेथील कर्मचाऱ्यांचे काम नाही, आणि त्यांना तेवढी उसंतही नसते. आमच्यासारखे शिक्षक हे काम आजही करतात, पण नियमांचा अर्थ बातम्यांवरून आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंवरून लावत करतात. नियम बदलला हे आम्हालाच उशिरा कळत असेल, तर मुलांना वेळेवर कोण सांगणार? मानधनाची अट कोणी घालेल असे मला वाटत नाही. निदान परिपत्रक वेळेत आणि मराठीत मिळावे, एवढी अपेक्षा आहे.

हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी शालेय शिक्षण विभागानेही ते वाचावे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि तेथेही पहिली पसंती मिळाल्यावर ती घ्यावीच लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा पसंतीक्रमाशी पहिला संबंध तेथे येतो. तेथे दहाच पर्याय असतात, त्यामुळे सराव वाटपाचा प्रयोग आधी तेथे करून पाहायचा असेल तर तेही सोपे जाईल.

आगामी प्रवेशाचे वेळापत्रक जाहीर करताना पहिल्या फेरीच्या वाटपापूर्वी ‘सराव वाटप’ आणि ‘पसंतीक्रम दुरुस्ती’ या दोन नोंदी त्यात असाव्यात. अर्जाच्या पहिल्याच पानावर, तीनशे रकाने सुरू होण्याआधी, ठळक मराठीत एवढे लिहिलेले असावे : ‘जे महाविद्यालय आणि जी शाखा तुम्हाला सर्वांत जास्त हवी आहे तीच पहिल्या क्रमांकावर लिहा. वर अवघड पर्याय लिहिल्याने खालचा पर्याय जात नाही. पहिला पर्याय मिळाल्यास तो बदलता येणार नाही.’ हा मजकूर वाचल्याची खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या अर्जावर अनुक्रमे पहिल्या तीन आणि पहिल्या सहा ओळी वेगळ्या रंगात दाखवाव्यात, म्हणजे गोठणाऱ्या ओळी कोणत्या ते शोधावे लागणार नाही. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. आपल्या कक्षाने ठरवले तर पुढच्या तुकडीलाच याचा लाभ मिळू शकतो, आणि त्या तुकडीची मुले आज माझ्या वर्गात बसलेली आहेत.

आपला विश्वासू,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक
जि. धाराशिव